चिमुकल्यांची योगासने : खेळ असू द्या, शिक्षा नको

"डॉक्टरसाहेब, आमच्या पोराला योगासने कोणत्या वयापासून शिकवावीत?" गेल्या काही वर्षांत हा प्रश्न दवाखान्यात वारंवार विचारला जातो. खोकल्याचे औषध घेऊन झाले की निघता निघता आई हळूच विचारते. कोणाला मुलाची उंची वाढवायची असते, कोणाला अभ्यासात लक्ष लागायला हवे असते, तर कोणाला मोबाईल सोडवायचा असतो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ११ डिसेंबर २०१४ रोजी ठराव केला आणि २०१५ पासून २१ जून हा दिवस जगभर योगदिन म्हणून पाळला जाऊ लागला. तेव्हापासून शाळेच्या पटांगणात झालेली आसने मुले घरी येऊन आईला करून दाखवतात. ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु लहान मूल म्हणजे मोठ्या माणसाची छोटी आवृत्ती नव्हे. त्याला काय शिकवावे, कसे शिकवावे आणि कधी थांबावे, हे समजून घेतले नाही तर चांगल्या गोष्टीतूनही दुखणे उभे राहते. तसे एक दुखणे मी स्वतः पाहिले आहे, आणि त्यात माझीही चूक होती. ते आधी सांगतो.

एका नमस्काराची गोष्ट

पौष महिना होता. वैनगंगेकाठच्या एका खेड्यातून सात वर्षांच्या मुलाला घेऊन वडील आले. मुलाचे पाय दुखत होते. रथसप्तमीला शाळेत सामूहिक सूर्यनमस्कार व्हायचे होते, म्हणून वडिलांनी महिनाभर आधीच तयारी सुरू केली होती. पहाटे उठवायचे, गार पाण्याने आंघोळ घालायची, आणि उपाशीपोटी, पाण्याचा घोटही न देता पंचवीस सूर्यनमस्कार. मूल रडले की वडील म्हणत, "नाटकं करू नको." मलाही ते म्हणाले, "पोट्टा कामचुकार आहे जी. जरा समजावून सांगा."

मी मुलाचे गुडघे दाबून पाहिले. सूज नव्हती, ताप नव्हता. नवीन व्यायाम आहे, स्नायू दुखणारच, असे सांगून मी वेदना कमी करणारे औषध दिले आणि मुलाला वर चार शब्द समजुतीचेही ऐकवले. तिसऱ्या दिवशी रात्री ते मूल पुन्हा आले, ते वडिलांच्या खांद्यावर, कण्हत. पाय, कंबर, हात, सगळेच दुखत होते. या वेळी मी खालची पापणी ओढून पाहिली. ती पांढुरकी होती. डोळ्यांत किंचित पिवळेपणा होता. जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवून रक्त तपासले, तेव्हा सिकलसेलचा आजार निघाला, 'एसएस' प्रकारचा.

आमच्या भागात इतकी वर्षे दवाखाना चालवणाऱ्या माणसाने पहिल्याच दिवशी विचारायला हवे होते की, याची सिकलसेलची तपासणी झाली आहे का? घरात कोणाला हा आजार आहे का? मी विचारले नाही. दोष सूर्यनमस्काराचा नव्हता. तो उत्तम व्यायाम आहे. दोष थंडीचा, तहानेचा, अतिश्रमाचा आणि मुलाचे म्हणणे न ऐकण्याचा होता. ऐकले नाही ते दोघांनी, वडिलांनी आणि मी.

म्हणून आजच्या लेखाचा पहिला धडा हाच. मूल 'दुखते' म्हणाले की आसन तिथेच थांबले पाहिजे. त्या दुखण्यावर वाद घालायचा नाही.

कोणत्या वयात काय?

तीन वर्षांखालील मुलाला काही शिकवू नये. ते स्वतःच दिवसभर आसने करीत असते. पाळण्यात पायाचा अंगठा तोंडात घालणारे बाळ आणि वाकून दोन पायांतून मागे पाहणारे दीड वर्षाचे पोर आठवून पाहा. त्याला मोकळी जागा द्या, एवढे पुरे.

तीन ते पाच वर्षे हे नकलेचे वय. या वयात आसन नव्हे, खेळ. पाच ते आठ मिनिटे झाली की मूल उठून पळते. पळू द्यावे.

पाच ते आठ वर्षांत मूल सूचना ऐकून करू लागते. दहा ते पंधरा मिनिटे, पाच-सहा सोपी आसने. प्रत्येक आसनात तीन ते पाच श्वास होईपर्यंतच थांबायचे.

आठ वर्षांनंतर थोडी शिस्त आणता येते. आपल्याकडे मुंजीचे वय परंपरेने आठवे वर्ष मानत आणि त्यानंतर मुलांना संध्या, प्राणायाम व नमस्कार शिकवीत. यामागे अनुभवाचे शहाणपण दिसते. या वयात तीन ते पाच सूर्यनमस्कारांपासून सुरुवात करावी आणि आठवड्या-आठवड्याने एखादा वाढवावा. एकदम पंचवीस नकोत.

मुलांच्या शरीरात वेगळे काय?

पालक विचारतात, "मूल तर रबरासारखे वाकते, मग भीती कसली?" वाकते हे खरे, पण म्हणूनच जपायचे. मुलांच्या लांब हाडांच्या टोकांशी वाढीची कूर्चा असते. हाड लांब होते ते तिथून. ही कूर्चा पक्क्या हाडापेक्षा नाजूक असते. वरून दाबून, पाय ओढून, पाठीवर बसून 'अजून वाक' असे करू नये. मूल स्वतः जेवढे वाकेल तेवढेच त्याचे आसन पूर्ण झाले असे समजावे.

दुसरी गोष्ट डोक्याची. जन्मतः बाळाचे डोके शरीराच्या लांबीच्या सुमारे एक चतुर्थांश असते. मोठ्या माणसात ते सातवा-आठवा हिस्सा असते. म्हणजे लहान मुलाचे डोके प्रमाणाने मोठे आणि जड, मान मात्र कोवळी. म्हणून घरी शीर्षासन, सर्वांगासन, हलासन शिकवू नये. पाहुण्यांपुढे मुलाला डोक्यावर उभे करून कौतुक करण्याची हौस काहींना असते. ती सोडावी.

तिसरी गोष्ट श्वासाची. मोठा माणूस स्वस्थ बसला असता मिनिटाला साधारण बारा ते अठरा वेळा श्वास घेतो. तीन-चार वर्षांचे मूल वीस ते तीस वेळा घेते. तुमच्या संथ श्वासाची बरोबरी त्याने करावी असा आग्रह धरला तर ते घाबरे होते. म्हणून मुलांना श्वास कोंडून धरायला, म्हणजे कुंभक करायला लावू नये. भस्त्रिका आणि कपालभातीही लहान मुलांना नकोत.

घरी सुरुवात अशी करा

जागा : छपरीत किंवा अंगणात, सपाट जमिनीवर. सतरंजी किंवा जाड चटई घालावी. आमच्याकडे पावसाळ्यात विंचू-सापाचे भय असते, तेव्हा सतरंजी आधी झटकून घ्यावी. गुळगुळीत फरशीवर पायमोजे घालून आसने करू नयेत, पाय घसरतो.

वेळ : सकाळी ऊन चढण्यापूर्वी किंवा संध्याकाळी. चंद्रपूर-गडचिरोलीचा उन्हाळा आपण जाणतोच, पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. अशा दिवसांत दहानंतर मुलांना श्रम नकोत. थंडीत गरम कपडा घालून, अंग थोडे चालून-पळून गरम झाल्यावर सुरू करावे.

पोट : जेवणानंतर दोन-अडीच तास जाऊ द्यावेत. पण अगदी उपाशीही ठेवू नये. अर्धे केळे किंवा थोडे दूध अर्धा-पाऊण तास आधी चालते. पाणी तर द्यावेच. 'योगा करताना पाणी पिऊ नये' हा हट्ट मुलांच्या बाबतीत धरू नका.

कपडे : सैल सुती. खास पोशाख, खास चटई यांची काही गरज नाही. शेतकऱ्याच्या घरी जे आहे त्यात सगळे होते.

सोबत : ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आई-बाप खुर्चीवर बसून आज्ञा सोडतात आणि मूल आसने करते, असे फार दिवस चालत नाही. स्वतः सतरंजीवर उतरा. तुमचा हात पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचत नाही हे पाहून मूल खुदकन हसेल. तो हसण्याचा क्षण आसनाइतकाच मोलाचा समजा.

सहा खेळ, सहा आसने

१. सागाचे झाड (ताडासन व वृक्षासन) : आधी दोन्ही हात वर करून टाचा उचलायच्या. मग एका पायावर उभे राहून दुसऱ्या पायाचे तळवे पोटरीला टेकवायचे, गुडघ्याच्या सांध्यावर नव्हे. सुरुवातीला भिंतीचा आधार घ्यावा. 'वारा आला, झाड हलले, पण पडले नाही' असे म्हणत मूल तोल सांभाळायला शिकते.

२. मांजर (मार्जारासन) : हात आणि गुडघे टेकून पाठ वर फुगवायची, मग खाली सोडायची. दप्तराच्या ओझ्याने आखडलेल्या पाठीला हे फार बरे वाटते.

३. नाग (भुजंगासन) : पालथे झोपून छाती थोडी उचलायची. बेंबी जमिनीलाच राहावी. मान मागे झटकू नये. फूस केले तर मूल खूष होते आणि श्वासही आपोआप सुटतो.

४. फुलपाखरू (बद्धकोनासन) : बसून दोन्ही तळवे जुळवायचे आणि गुडघे पंखांसारखे हलवायचे. गुडघे हातांनी खाली दाबायचे नाहीत.

५. ससा (शशांकासन) : वज्रासनात बसून पुढे वाकायचे, कपाळ जमिनीला. रुसलेले, चिडलेले मूल या आसनात लवकर शांत होते, असा माझा अनुभव आहे.

६. झोपेचे सोंग (शवासन) : शेवटी हे हवेच. लहान मुलांना शवासनाचा अर्थ सांगत बसू नये, 'कोण जास्त वेळ न हलता झोपते बघू' एवढे सांगावे. एक-दोन मिनिटे पुरेत.

श्वासासाठी दोन खेळ आहेत. एक, झोपलेल्या मुलाच्या पोटावर पळसाचे पान किंवा कागदाची होडी ठेवावी. श्वास घेतला की होडी वर, सोडला की खाली. पोटाने श्वास घेणे मूल यातून आपोआप शिकते. दुसरा, भुंगा, म्हणजे भ्रामरी. ओठ मिटून 'म्' असा गुंजारव करायचा. तीन-चार वेळा झाले की थांबायचे. कानांत बोटे खुपसायची नाहीत.

कोणत्या मुलांनी आधी डॉक्टरांना दाखवावे?

निरोगी मुलाला या सहा खेळांसाठी डॉक्टरांच्या परवानगीची गरज नाही. मात्र पुढील मुलांच्या बाबतीत आधी विचारून घ्यावे.

हृदयाचा जन्मजात दोष, फिट येणे, दमा, हर्निया, नुकतेच झालेले ऑपरेशन किंवा हाड मोडलेले असणे. कान वाहत असेल तर डोके खाली करण्याची आसने नकोत. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांत मानेच्या वरच्या मणक्यांचा सांधा ढिला असू शकतो. त्यांची मान वाकवण्यापूर्वी तज्ज्ञांचा सल्ला घ्यावाच.

आमच्या जंगल भागासाठी एक विशेष सूचना. मलेरिया किंवा सिकलसेलमुळे काही मुलांची पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढलेली असते. अशा मुलाने पोटावर दाब येणारी आसने, भुजंगासन आणि धनुरासन, करू नयेत. वाढलेल्या पाणथरीला इजा होऊ शकते. आणि ताप असताना कोणतेच आसन नको. आधी रक्ताची तपासणी.

सिकलसेलविषयी थोडे अधिक

रक्तातील तांबड्या पेशी एरवी वाटोळ्या आणि लवचीक असतात. सिकलसेलच्या मुलात प्राणवायू किंवा पाणी कमी पडले, थंडी बाधली, ताप आला वा फार दमणूक झाली की या पेशी विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठर होतात. बारीक रक्तवाहिन्यांत त्या अडकतात आणि असह्य वेदना होतात. हा आजार लागट नाही, तो आई-बापाकडून येतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल पीडित होण्याची शक्यता चारात एक, म्हणजे २५ टक्के असते. वाहक, म्हणजे 'एएस', मूल साधारणपणे सर्व व्यायाम करू शकते. त्याने पाणी भरपूर प्यावे आणि उन्हात अतिश्रम टाळावेत. पीडित मुलाने हलकी आसने, श्वासाचे खेळ आणि शवासन करावे. मध्ये मध्ये विसावा, पाणी, आणि थंडीत कोमट पाण्याने आंघोळ.

अशा मुलाला तीव्र वेदना, ताप, छातीत दुखणे, धाप, एकाएकी पांढरेफटक पडणे, पोट डाव्या बाजूला फुगणे किंवा हातपाय लुळे पडणे यांपैकी काहीही झाले तर आसने, मालिश, अंगारे-धुपारे यांत वेळ न घालवता इस्पितळ गाठावे. योगासनांनी सिकलसेल बरा होत नाही. असे सांगणारा कोणीही असो, त्याच्यावर विश्वास ठेवून हायड्रॉक्सियुरिया किंवा फॉलिक ॲसिडच्या गोळ्या बंद करू नका. राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाले. त्यात जन्मापासून चाळिशीपर्यंतच्या लोकांची तपासणी ठरवलेली आहे. सरकारी आरोग्य केंद्रात चौकशी करा आणि शाळेत घालण्यापूर्वीच मुलाचे रक्त एकदा तपासून घ्या.

योगासनांनी काय मिळते, काय नाही?

आपल्या महाराष्ट्रात योगाकडे डोळसपणे पाहण्याची परंपरा जुनी आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि योगक्रिया प्रयोगशाळेत तपासायला सुरुवात केली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार रुजवले. आपल्या विदर्भात जनार्दनस्वामींनी १९५१ मध्ये नागपूरला योगाभ्यासी मंडळ सुरू केले आणि सामान्य माणसाच्या घरात आसने नेली. या थोर मंडळींचा वारसा सांगणाऱ्या आपणही मोजूनमापूनच बोलावे.

नियमित आसनांनी मुलाचा तोल, लवचिकता आणि बसण्याची ढब सुधारते. चित्त थोडे स्थिरावते, झोप बरी लागते. पण उंची वाढत नाही. उंची ठरते ती आई-बापाकडून आलेल्या गुणांवर, आहारावर, झोपेवर आणि आजार टाळण्यावर. चष्म्याचा नंबरही जात नाही. आणि पोटात जंत असताना, रक्त कमी असताना वृक्षासन करून अंगात जोर येत नाही. त्यासाठी ताटात वरण-भात, हिरवी भाजी, अंडे किंवा मासोळी, शेंगदाणे-गूळ हवे आणि जंताचे औषध वेळेवर हवे.

तसेच आसने म्हणजे संपूर्ण व्यायाम नव्हे. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी साठ मिनिटे तरी दम लागेल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लंगडी, लगोरी, कबड्डी, सायकल, झाडावर चढणे हे त्यासाठीच आहे. योगासने त्यांच्या जोडीला, त्यांच्या जागी नव्हे.

शेवटी

मार्कंड्याची कथा आपल्या भागात लहान मुलालाही ठाऊक असते. मृकंडू ऋषींचा अल्पायुषी मुलगा, सोळावे वर्ष भरताच यम न्यायला आला, आणि मुलाने शिवलिंगाला घट्ट मिठी मारली. महाशिवरात्रीच्या यात्रेत उत्तरवाहिनी वैनगंगेत स्नान करून आई-बाप मुलांना कडेवर घेऊन दर्शनाच्या रांगेत उभे असतात, ते मुलाच्या दीर्घायुष्याचे मागणे घेऊनच. ते मागणे मनापासून मागा. मात्र घरी परतल्यावर आपल्या हाती असलेली कामेही करा. रक्त तपासा, पोटभर खाऊ घाला, पाणी पाजा, आणि मूल कुठे दुखते म्हणाले तर त्याचे ऐका.

तो मुलगा आता औषधावर आहे. वडिलांनी पंचवीस नमस्कारांचा हट्ट कधीच सोडला. संध्याकाळी बापलेक सतरंजीवर सागाचे झाड होऊन उभे राहतात. गेल्या खेपेस तपासणीला आला तेव्हा त्याने माझ्या टेबलाजवळ एका पायावर उभे राहून दाखवले आणि मला म्हणाला, "आता तुम्ही करा." मी केले. माझा तोल गेला. तो हसला.

पुढील रविवारी सुट्टीच्या दिवशी सतरंजी घाला आणि मुलांसोबत दहा मिनिटे बसून पाहा. त्यापूर्वी मुलाच्या डोळ्याची खालची पापणी एकदा ओढून बघा. पांढुरकी दिसली तर आसने नंतर, दवाखाना आधी.